सौदा करू का, हे दलालाला विचारलंस?

प्रश्नच चुकीचा मांडलास, म्हणून उत्तरपत्रिका तपासायचं कारण नाही. शून्य.

‘गुरुजी, जनवाड्याचं घर विकायचंय. वकील करू की एजंट?’ दोन वेगळी कामं करणारी दोन माणसं, आणि तू त्यातला एक निवडायला निघालास. आणि निवडायला निघालास हेही खोटंच. इसाराचे पन्नास हजार रोख मोजून घेतलेस, कागदावर सही ठोकलीस, आणि मग गुरुजी आठवले. मला दाखवायला आणलेला कागद कन्नडात आहे. तुला कन्नड वाचता येत नाही. मग काय वाचून सही केलीस? ‘एजंट म्हणाला’ हे उत्तर मी चौथीतल्या पोराकडूनही घेत नसे.

बस. चहा नंतर. आधी ऐकून घे.

घराचे कागद बरोबर आहेत का, हे तू कोणाला विचारलंस? एजंटाला. तो काय म्हणाला? ‘सब ठीक है, टेन्शन मत लो.’ दुसरं काय म्हणेल तो? वीस लाखांवर दोन टक्के म्हणजे चाळीस हजार, आणि तेही सौदा झाला तरच. तुझ्या कागदात खोट निघाली आणि सौदा मोडला, तर त्याच्या चपला झिजल्या तेवढ्याच. ज्याची मजुरी सौदा होण्यावर टांगलेली आहे, त्याला ‘सौदा करू का’ असं विचारायचं नसतं. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. तो सज्जन असला तरी त्याच्या पोटाची बाजू ठरलेली आहे. ती तू ओळखायला हवी होतीस.

तुझा बाप बिदरच्या गांधीगंजात तूर घेऊन जायचा. अडत्या गिऱ्हाईक लावायचा, भाव फोडायचा, त्याची अडत त्याला मिळायची. पण काट्याजवळ तुझा बाप स्वतः उभा राहायचा. अडत्याशी त्याचं भांडण नव्हतं. गिऱ्हाईक आणणं एक काम आणि माप बघणं दुसरं, एवढं त्या अक्षरशत्रू माणसाला कळत होतं. तू इंजिनियर झालास आणि काटाच अडत्याच्या हवाली केलास.

आता एजंट म्हणजे कायद्याच्या नजरेत कोण, ते शीक. १८७२ च्या करार कायद्यात त्याचं सगळं लिहून ठेवलंय. तो तुझा प्रतिनिधी. मागशील तेव्हा त्याने हिशेब द्यायचा. तुझ्या नकळत त्याने तेच घर आपल्या मेहुण्याच्या नावाने आपणच घेतलं आणि पुढे चढ्या भावाने विकलं, तर त्याने कमावलेला नफा तू मागू शकतोस. आणि वेगळं काही ठरलं नसेल तर त्याची मजुरी काम पुरं झाल्यावरच देय होते. तू काय केलंस? इसार हातात पडला त्याच दिवशी अर्धं कमिशन देऊन बसलास. का? ‘तो मागत होता.’ मागणारच. लेखी काही ठरलंय? नाही. ‘तुम्हाला हातात अठरा, वरचं माझं’ असं काही म्हणाला होता का? गप्प बसलास म्हणजे म्हणाला होता. मग घर विकत घेणारा खरं किती देतोय, हे तुला आजही ठाऊक नाही. स्वतःच्या घराची किंमत ज्याला ठाऊक नाही, त्याने घर विकलं असं म्हणायचं तरी कसं?

‘पण गुरुजी, त्याच्याकडे रेराचा नंबर आहे.’ असेल. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली ती नोंदणी झालेल्या नव्या प्रकल्पांतले प्लॉट आणि फ्लॅट विकण्यासाठी. गावठाणातलं तुझ्या आजोबांनी बांधलेलं घर त्यात येत नाही. बोर्डावरचा नंबर बघून माणसाची पारख करायची सोडून दे.

आता ही इसारपावती. तुझी समजूत काय, तर ‘मन बदललं तर पन्नास हजार परत देऊन टाकीन, झालं.’ कोणी शिकवलं हे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घराची मालकी जाते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. नुसत्या कराराने जात नाही. एवढं अर्धवट ऐकून तू निश्चिंत झालास. पण करार म्हणजे वचन, आणि वचन पाळायला लावणारा कायदा वेगळा आहे. त्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. आधी असं वचन पुरं करून घ्यायचं की नाही, हे न्यायाधीशाच्या मर्जीवर असे. आता कायद्यात सांगितलेल्या मोजक्या अडचणी सोडल्या तर कोर्टाने ते पुरं करायलाच लावायचं, अशी तरतूद आहे. समोरच्याने बिदरच्या कोर्टात दावा ठोकला तर ‘पैसे परत घ्या’ म्हणून तुझी सुटका नाही. आणि त्यासाठी त्याला मुदत किती? साधारण तीन वर्षं. तीन वर्षं तुझं घर अडकून पडेल आणि एजंट तुझा फोन उचलणार नाही.

आणि रोख! अरे, पगारावरचा आयकर तू दर वर्षी भरतोस ना? १ जून २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे. मोडलीस तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. म्हणजे तुला. वर एजंटाने सल्ला दिला असेल, ‘कागदावर कमी दाखवू, बाकी कॅश.’ एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरूच्या आरबीएएनएमएस शिक्षणसंस्थेच्या जमिनीचा खटला सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. विक्रीच्या करारापोटी पंचाहत्तर लाख रोख दिले, असा एका बाजूचा दावा होता. कोर्टाने तो दावा तर फेटाळलाच, शिवाय सगळ्या कोर्टांना आणि नोंदणी कचेऱ्यांना सांगितलं की दोन लाख किंवा त्यावरच्या रोखीची गोष्ट पुढे आली की आयकर खात्याला कळवा. तुझ्या एजंटाला हे ठाऊक नसेल. वकिलाला ठाऊक असतं, निदान असायला हवं. त्यासाठीच त्याला फी द्यायची असते.

आता सगळ्यात मोठी चूक. वही उघड.

हे घर कोणाचं? ‘माझं.’ चूक. तुझ्या वडिलांचं होतं. ते गेले. मृत्युपत्र नाही. मग आई, तू आणि दोन बहिणी, असे चार वारस झाले. एक बहीण उदगीरला, एक भालकीला. त्यांना विचारलंस? ‘त्यांची लग्नं झाली गुरुजी, त्या काही मागणार नाहीत.’ हे वाक्य या सीमाभागात मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता कान किटले. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. राहत्या घरापुरती एक मेख त्यात होती: मुलगे वाटणीला तयार होईपर्यंत मुलीला घराची वाटणी मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने ती मेखही उपटून टाकली. घर वडिलोपार्जित असेल तर मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हक्कदार, आणि बाप २००५ साली हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, हे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने पक्कं केलं. बहिणी मागणार नाहीत हे चांगलंच आहे. पण न मागणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. सोडून द्यायचं तर नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र लागतं. शंभराच्या बाँडवर नोटरीचा शिक्का मारून आणलेला कागद इथे चालत नाही. नाहीतर सरळ खरेदीखतावर आई आणि दोघी बहिणींनी विकणारे म्हणून सह्या कराव्यात, आणि आपापल्या वाट्याचा चेक घ्यावा. मला विचारशील तर हे दुसरं जास्त शोभेल.

एजंट बहिणींबद्दल का बोलला नाही? कारण वारस वाढले की सौदा लांबतो. वकील पहिला प्रश्न हाच विचारतो. घरपट्टीच्या पावतीवर तुझं नाव आहे, ते तू मला दाखवू नकोस. पंचायतीचं खातं म्हणजे कर कोण भरतो त्याची नोंद. ती मालकी नव्हे.

आणि त्या नोंदीचं तरी काय? जनवाडा पंचायतीच्या हद्दीतलं घर आहे. कर्नाटकात पंचायतीच्या हद्दीतल्या घराला ई-स्वत्तू या ऑनलाइन नोंदप्रणालीतून निघालेला नमुना ९ आणि नमुना ११ लागतो. तो नसेल तर उपनिबंधकाच्या कचेरीत दस्त पुढे सरकत नाही. गावठाणातलं घर असेल तर ११-अ. बिनशेती न केलेल्या जमिनीवर बांधलेलं असेल तर ११-ब, आणि त्याची गोष्ट वेगळी. तुझ्या घराचा नमुना कोणाच्या नावावर निघतो? अजून आजोबांच्या? मग ते नाव आधी वडिलांच्या वारसांवर यायला हवं. पंचायत विकास अधिकाऱ्याकडे अर्ज, मृत्यूचे दाखले, वंशावळ. हे सगळं इसार घेण्याआधी करायचं असतं. कारण करारात तू तीन महिन्यांत खरेदी करून देतो असं लिहून दिलंयस, आणि हे काम तीन महिन्यांत होईलच असं पंचायतीच्या पायरीवर बसलेला कोणीही सांगणार नाही.

आजोबांचा कागद उर्दूत असेल, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. निजामाच्या काळात कारभार उर्दूत चाले. आपल्याकडे एकाच घराचा जुना कागद उर्दूत, घरातली बोलणी मराठीत आणि नवा दस्त कन्नडात, हे नेहमीचंच आहे. म्हणूनच इथे घर विकणाऱ्याला वकिलाची गरज पुण्यापेक्षा जास्त आहे. हे सगळे कागद एका मालकीची सलग साखळी दाखवतात का, हे कोणीतरी ओळ न् ओळ वाचून सांगायला हवं. चतुःसीमा जुळतात का? आजोबांच्या कागदातली गल्ली आजच्या नमुन्यात कुठे आहे? बोजा दाखल्यात, ज्याला सगळे ईसी म्हणतात, त्यात बँकेचं जुनं कर्ज अजून दिसतंय का? आणि ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. घरातली तोंडी वाटणी, नोंदणी न केलेला करार त्यात येत नाही, हे तुला कोणी सांगितलं होतं?

‘पण हे बघायचं विकत घेणाऱ्याने.’ वा! मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याची कर्तव्यं आधी लिहिली आहेत, विकत घेणाऱ्याची नंतर. मालकीतली जी खोट तुला माहीत आहे आणि त्याला सहज कळण्यासारखी नाही, ती तू सांगायची. लपवलीस तर कायदा त्याला फसवणूक म्हणतो. बहिणींची गोष्ट तुला माहीत होती. एजंटाच्या तोंडून ‘सब ठीक है’ निघालं म्हणून ती जबाबदारी त्याच्यावर जात नाही. सही तुझी आहे.

आणि हे आणखी एक. ‘मला सारखं यायला जमत नाही, म्हणून एजंटालाच मुखत्यारपत्र देतो.’ खबरदार! घर विकायचे, पैसे घ्यायचे, सही करायचे सगळे अधिकार एका कागदावर त्याला दिलेस, तर तुझ्याकडे काय उरलं? मुखत्यारपत्रावर घरं विकण्याचा धंदा देशभर इतका बोकाळला होता की २०११ साली सूरज लॅम्पच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की असल्या कागदाने मालकी जात नाही. यायचंच नसेल तर आईला किंवा बहिणीला मर्यादित मुखत्यारपत्र दे, तू राहतोस तिथल्या नोंदणी कचेरीत जाऊन रीतसर करून दे, त्यात फक्त ठरलेला दस्त नोंदवण्याचा अधिकार लिही, आणि रक्कम थेट वारसांच्या खात्यावर येईल असं नमूद कर. एजंटाच्या हातात मूळ कागद नाहीत, मुखत्यारपत्र नाही, कोऱ्या बाँडवरची सही तर नाहीच नाही. दिलीयस? …तोंड वर कर. किती बाँडवर? उद्या सकाळी ते परत घेऊन ये.

आता वकिलांबद्दल बोलतो, नाहीतर म्हणशील गुरुजी एकाच बाजूला छडी उगारतात. काळा कोट दिसला की तो आपला वकील, असं नसतं. पहिला प्रश्न त्याला हाच विचार: तुम्ही कोणाचे? एजंटाने आणलेला वकील एजंटाचा. विकत घेणाऱ्याचा वकील विकत घेणाऱ्याचा. ‘एकच वकील करू, दोघांचा खर्च वाचेल’ हे गोड वाटतं. पण रकमेवरून किंवा ताब्यावरून वाद झाला तर तो कोणाकडून बोलणार? एकाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहायचं नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. वकिलाने स्वतः दुसरा धंदा चालवायचा नाही, हाही नियम आहे. म्हणजे जो वकील म्हणतो की ‘गिऱ्हाईकही मीच लावतो, टक्का द्या’, त्याच्या पायरीवरून खाली उतर. त्याची बाजूही आता सौद्याला टांगलेली आहे. फी ठरावीक घे म्हणावं. सौदा झाला तरी तेवढीच, मोडला तरी तेवढीच. तू कुरकुर करतोस की सौदा झाला नाही तरी वकिलाला पैसे जातात. अरे, त्याचसाठी तर द्यायचे! म्हणूनच तो ‘करू नका’ असं म्हणू शकतो. आणि त्याचं मत कागदावर लिहून घे. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलंय की वकिलाच्या कामातल्या त्रुटीबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येत नाही. तक्रार करायची वेळ आलीच तर हातात काहीतरी लेखी असू दे.

कचेरीबाहेर टायपिंगची मशीन घेऊन बसलेला बाँड रायटर म्हणजे वकील नव्हे, हेही लिहून घे. तू सांगशील ते तो नमुन्यात बसवतो. तू सांगितलं नाहीस ते तो शोधत नाही.

स्कॉटलंडमध्ये वकीलही घरं विकतात. त्यांनी मिळून घरांच्या जाहिरातींची केंद्रं काढली आहेत, एडिंबरोचं केंद्र नावाजलेलं आहे. शेजारच्या इंग्लंडात एस्टेट एजंट गिऱ्हाईक आणतो आणि कागदाचं काम सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर करतो. रीत कुठलीही असो, कागद बघणारा माणूस कुठेच वगळलेला नाही. तो वगळायचा शहाणपणा आपल्याकडेच सुचतो, आणि पैसे वाचवले म्हणून आपण पाठ थोपटून घेतो.

मग एजंट कधी लागतो? बिदरच्या नव्या कॉलनीत तुझं बंद घर असतं, तू पुण्यात, गिऱ्हाईक हैदराबादचं, तर त्याने किल्ली सांभाळली असती, दहा जणांना घर दाखवलं असतं, रविवारी भाव केला असता. ती मेहनत आहे, तिचे पैसे द्यावेत. पण जनवाड्यातलं जुनं घर घेणार कोण? भिंतीला भिंत असलेला शेजारी, नाहीतर गावातलाच, ज्याचा पोरगा नोकरीला लागलाय असा कोणीतरी. त्याला शोधायला एजंट कशाला? पारावर अर्धा तास बसला असतास तर तिघांनी स्वतःहून विचारलं असतं. जिथे एजंट लागत नाही तिथे तू टक्के दिलेस, आणि जिथे वकील लागतो तिथे फी वाचवलीस. माझा राग यावर आहे.

रडू नकोस. अजून खरेदीखत झालेलं नाही, घराची किल्ली दिलेली नाही. किल्ली दिली असतीस तर गुंता दुप्पट झाला असता. आता सांगतो ते लिही.

उद्या बिदरला जा. दिवाणी कामं करणारा, एजंटाशी संबंध नसलेला वकील गाठ. ही पावती त्याच्याकडून मराठीत वाचून घे, प्रत्येक ओळ. रोख पन्नास हजारांचं काय करायचं आणि समोरच्याला काय लिहून कळवायचं, हे तो सांगेल. एजंटाला विचारायचं नाही. ईसी काढ. पंचायतीत जाऊन नमुना ९ आणि ११ कोणाच्या नावावर आहे ते बघ. आजोबांचा उर्दू कागद आधी कोणाकडून तरी वाचून घे, मग झेरॉक्स कर. मूळ कागद आईच्या पेटीत. एजंटाशी कमिशन किती, कोणत्या दिवशी, हे लिहून काढ, आणि उरलेलं नोंदणीच्या दिवशीच मिळेल असं त्याला सांग. तोंड वाकडं केलं तर करू दे.

हे सगळं दुपारपर्यंत. पण त्याआधी, इथून उठायच्या आत, माझ्यासमोर उदगीरला फोन लाव आणि बहिणीला सांग की तू तिला न विचारता तिचं घर विकायला काढलं होतंस. मग भालकीला. लाव. मी बसलोय.